अ‍ॅप अडकलं की जाब अंगणवाडी ताईंनाच का?

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार घेण्यासाठी चेहरा दाखवणं सक्तीचं झालंय. गरोदर बाई किंवा लहान बाळाची आई आली की सेविका 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप उघडते, कॅमेऱ्यात चेहरा जुळतो आणि मग आहार दिल्याची नोंद होते. मधल्या मध्ये आहार गायब होऊ नये हा हेतू, आणि तो चुकीचा नाही. पण चेहरा जुळलाच नाही तर उत्तर कोणी द्यायचं?

हे चालतं कसं?

सुरुवातीला ई-केवायसी होते. त्यात आधार क्रमांक टाकायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी द्यायचा आणि फोटो काढायचा. पुढे आहार घेताना नवा फोटो जुन्याशी ताडून बघितला जातो. म्हणजे आधार, ओटीपी, नेटवर्क, कॅमेरा आणि सर्व्हर या पाचही कड्या एकाच वेळी चालायला हव्यात. एक तुटली की काम थांबलं.

आता आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या मागचं खोरं डोळ्यासमोर आणा. चारी बाजूंना डोंगर, वाड्या विखुरलेल्या. याच भागातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, तेव्हा गाव दिसत नाही हे बाहेरच्या जगाला आधी कळलं ते एसटीच्या चालकामुळे. अशा ठिकाणी आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असेल आणि तो मजुरीला नारायणगावकडे गेला असेल, तर ओटीपी त्याच्या खिशात येणार. बायको मात्र अंगणवाडीत ताटकळत उभी.

हे पहिल्यांदा घडत नाहीये

२०१९ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना एक लाखाहून जास्त फोन दिले गेले. रॅम होती फक्त २ जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्राने जुनं अ‍ॅप बाजूला ठेवून पोषण ट्रॅकर आणलं. फोन हँग व्हायचे, वॉरंटी संपलेली, अ‍ॅप इंग्रजीत. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली, पण त्याआधी सेविकांना रस्त्यावर उतरावं लागलं. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नवीन मोबाईल ही मागणी होतीच.

पाणी मुरतं कुठे?

अ‍ॅप केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाचं. फोन आणि कर्मचारी राज्याकडे. आधार यूआयडीएआयचं. नेटवर्क टेलिकॉम कंपन्यांचं. प्रत्येक कार्यालय 'हे आमच्याकडे येत नाही' असं म्हणू शकतं, आणि कागदावर ते खरंही असतं. उरते फक्त सेविका, कारण आहार तिच्या हातातून जातो आणि तिचा प्रोत्साहन भत्ताही अ‍ॅपमधल्या नोंदींशी बांधलेला आहे.

मी रोज सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे सिस्टीम बंद पडली की ती किती वेळ बंद होती, का होती आणि दुरुस्ती कोण करणार हे लेखी द्यावं लागतं. सिस्टीम फक्त यशस्वी नोंदी मोजत असेल, तर 'बाई आलीच नाही' आणि 'बाई आली पण चेहरा जुळला नाही' यात फरक दिसत नाही. दोन्हीकडे शून्यच. खरं अपयश तिथे लपतं आणि अधिकाऱ्यांना उत्तर द्यायची वेळच येत नाही.

आपण काय विचारायचं?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार हा आहार हक्क आहे. तो मिळाला नाही तर कलम ८ मध्ये अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. म्हणून माहिती अधिकारात १० रुपये भरून हे प्रश्न मंत्रालयाला विचारता येतात:

- माझ्या जिल्ह्यात गेल्या महिन्यात चेहरा पडताळणीचे किती प्रयत्न फसले, आणि कशामुळे?
- सर्व्हर किती तास बंद होता?
- तक्रार सोडवण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची आहे?

अर्ज केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर फोनवरूनच करता येतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस असते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. तुमच्या वाडीतल्या अंगणवाडी ताईंकडे एररचे स्क्रीनशॉट असतील, तर तारखेसकट ते जपून ठेवायला सांगा. उद्या 'नोंद का नाही?' असं कोणी विचारलं, तर तोच त्यांचा पुरावा असेल.