चुकीचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

घरबसल्या माल मागविण्याची सोय ही आता केवळ मोठ्या शहरांची मिरास राहिलेली नाही. जालन्याप्रमाणेच अंबड, परतूर, मंठा, भोकरदन येथेही मोबाईलवरून मागविलेली खोकी घरपोच होत आहेत. जेथे खोकी येतात तेथे चुकाही होणारच. एक मिक्सर मागविला आणि दोन आले. एक साडी मागविली आणि खोक्यातून तीन निघाल्या. अशा वेळी काय करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु माणसाची खाजगी नीती आणि त्याचा सार्वजनिक न्यायाचा आग्रह यांची गाठ अशाच क्षुल्लक प्रसंगी पडते. म्हणून या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘एवढी बलाढ्य कंपनी, तिची एक वस्तू आपल्याकडे राहिली तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद आपल्या सहानुभूतीदारांच्या तोंडीही येतो, आणि कधी कधी त्याला समाजवादाचा मुलामा दिला जातो. तो मुलामा प्रथम खरवडून काढला पाहिजे. संपत्तीचे न्याय्य वाटप ही सामुदायिक निर्णयाने, कायद्याने आणि करांच्या मार्गाने घडवावयाची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या हातचुकीने दारी आलेला माल गुपचूप कपाटात ठेवणे हे वाटप नव्हे. शेजारच्या भूमिहीन मजुराला त्यातून कवडीही मिळत नाही.

शिवाय खोक्यावर नाव मोठ्या कंपनीचे असले, तरी आतला माल तिचाच असतो असे नाही. अशा बाजारपेठांतून अनेक छोटे विक्रेते आपला माल विकतात. एक खोके जास्त गेले तर कंपनीला त्याची झळही लागत नाही, परंतु छोट्या विक्रेत्याचा आठवड्याचा नफा त्यात बुडू शकतो. त्याच्याही खाली आहे तो गोदामात माल बांधणारा कंत्राटी मजूर आणि मोटारसायकलवरून तो पोचविणारा तरुण. या तरुणाला कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात. नफ्यात मात्र त्याची भागी नसते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, अशा कामगारांची दखल घेतली. पण नोकरदाराचे हक्क त्यांना दिले नाहीत. हिशेब जुळला नाही तर चुकीचे ओझे घरंगळत याच दुबळ्या खांद्यावर येऊन पडण्याची भीती अधिक. माल परत करावयाचा तो कंपनीवरील उपकार म्हणून नव्हे, तर या खांद्याची आठवण ठेवून.

चूक मोठ्या संस्थेची आणि फरफट सामान्य माणसाची, हे आपल्या शेजारीच घडलेले आहे. २०२१ साली पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात सुमारे पंधरा लाख रुपये चुकून जमा झाले. निवडणुकीच्या प्रचारात ऐकलेले पंधरा लाखच आले अशी त्याची समजूत झाली, आणि त्यांतील सुमारे नऊ लाख त्याने घर बांधण्यात घातले. काही महिन्यांनी बँकेने रक्कम परत मागितली. ती एका ग्रामपंचायतीच्या विकासकामांची होती! त्या शेतकऱ्याला लबाड म्हणणे आम्हांस मान्य नाही; पण अनाहूत आलेल्या धनालाही कोणी तरी धनी असतो, हा धडा त्यातून घेतलाच पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. १८७२ च्या करार अधिनियमाचे ७२ वे कलम चुकून दिलेला पैसा वा वस्तू परत करण्याचे बंधन घालते. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या ३७ व्या कलमानुसार, ठरल्यापेक्षा जास्त माल आल्यास ग्राहक ठरलेला माल ठेवून जादा माल नाकारू शकतो. सगळाच ठेवला तर ठरलेल्या दराने पैसे द्यावे लागतात. चुकीने वस्तू हाती येणे हा गुन्हा नाही. मात्र ती अप्रामाणिकपणे पचविणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. ‘न मागविता आलेला माल आपलाच’ असे जे सांगितले जाते, त्याचे मूळ परदेशी कायद्यांत आहे. ब्रिटनने १९७१ साली असा कायदा केला, तो मुद्दाम माल पाठवून पैसे उकळणाऱ्या व्यापाऱ्यांना आवर घालण्यासाठी.

परंतु परत करणे म्हणजे कंपनीची वेठबिगारी करणे नव्हे. मालविक्री अधिनियमाचे ४३ वे कलम स्पष्ट आहे: नाकारलेला माल पोचता करण्याची जबाबदारी ग्राहकावर नाही, नाकारल्याचे कळविले की पुरे. म्हणून जादा वस्तू न वापरता जपून ठेवावी, तिचे छायाचित्र घ्यावे, कंपनीच्या अधिकृत तक्रार व्यवस्थेत लेखी कळवावे आणि तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. वस्तू त्यांनी त्यांच्या खर्चाने न्यावी आणि पोच द्यावी, असे ठामपणे सांगावे. पोचेशिवाय वस्तू कोणाच्याही हाती देऊ नये. परतीच्या निमित्ताने फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तो सांगू नये. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तक्रारीत आणखी एक वाक्य आवर्जून लिहावे: ‘या चुकीपोटी कोणाही कामगाराच्या मोबदल्यातून कपात होऊ नये.’ एका पत्राने कंपनीचे हृदयपरिवर्तन होईल अशा भ्रमात आम्ही नाही. परंतु अशी पत्रे गावोगावहून जाऊ लागली, तर ग्राहक आणि कामगार यांना परस्परांपासून तोडणाऱ्या व्यवस्थेत एक धागा जुळेल. तालुक्याच्या कार्यालयांत आठवड्यातून एक दिवस अशा तक्रारी लिहून देण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. खोक्यातून वस्तू कमी निघाली म्हणून दाद मागणाराही त्याच दिवशी तेथे येईल. कमी आले तेव्हा हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार, जास्त आले तेव्हा स्वतः हिशेब देणाऱ्यालाच असतो.