फसवणूक झाली? लपवू नका, नोंदवा



‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन येतो, गोड बोलून ओटीपी विचारला जातो आणि मजुरीतून साठवलेले पैसे क्षणात खात्यातून जातात. त्याहून वाईट पुढे घडते. आई मुलाला सांगत नाही, सून सासूला सांगत नाही. लाजेपायी दोन दिवस जातात. तेवढ्यात ठग ते पैसे या खात्यातून त्या खात्यात हलवून मोकळा होतो.

पंचशीलातले चोरीचे आणि खोट्याचे शील मोडले ते ठगाने. मग लाज आपल्याला कशाची?

पैसे गेल्याचे कळताच 1930 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तक्रार वेळेत पोहोचली, तर रक्कम ठगाच्या खात्यातच रोखता येते. लगेच बँकेलाही कळवा. फोन नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचाच घ्या. ओटीपी आपणच सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ठरवले. म्हणून उशीर नको.

आलेले मेसेज पुसू नका. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम वहीत लिहा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव रजिस्टरात 1914 या क्रमांकावर लिहिले गेले. ती नोंद राहिली, म्हणून तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. तोंडचे बोल विरतात, लिहिलेले टिकते.

खाते मिरजेत आणि राहणे मुंबईत असले तरी जवळच्या पोलीस ठाण्यात जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही खबर पोलिसांनी नोंदवून घ्यायची असते. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

एक सावधगिरी. ‘गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ असे सांगणारा दुसरा ठगच समजा.

घरात कोणी फसले तर आधी रागावू नका, आधी फोन लावा. आणि आपापल्या विहाराच्या फलकावर 1930 हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.