स्वस्त फोन आणि मेमरीची शिस्त

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटात गेम खेळले जातात ते बहुतेक मोबाइलवर, आणि त्या मोबाइलची रॅम बेताचीच असते. ऐन रंगात आलेला गेम बंद पडला की खापर फोनवर फुटते. खोट मात्र पुष्कळदा इंजिनात, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर गेम उभा असतो त्यात असते. घेतलेली मेमरी इंजिनाने वेळेवर सोडली नाही, तर रॅम भरते आणि अँड्रॉइड गेमच बंद करून टाकते.

अर्जेंटिनात जन्मलेले गोदो हे इंजिन २०१४ पासून मुक्तस्रोत आहे. त्याचा गाभा सी++ भाषेत आहे. ही भाषा वेगवान, पण मेमरीचा हिशेब प्रोग्रामरच्या गळ्यात. मोकळ्या केलेल्या जागेचा पत्ता कोडमध्ये कुठे शिल्लक राहिला आणि पुढे वापरला गेला, तर गेम कोसळतो. किंवा चुकीच्या माहितीवर चालत राहतो, जे अधिक वाईट. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी मेमरीशी निगडित असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते.

रस्ट भाषा अशा बहुतेक चुका कोड कंपाइल होतानाच अडवते. तिच्यात लिहिलेले बेव्ही हे मुक्तस्रोत इंजिन २०२० मध्ये आले. म्हणून जुनी इंजिने मोडीत काढून सगळे रस्टमध्ये लिहा, हा आग्रह आम्हाला पटत नाही. वर्षानुवर्षे घासूनपुसून घेतलेला कोड टाकला, तर जुन्या चुकांबरोबर त्यांच्यावरचे इलाजही जातात. आधी बंदोबस्त हवा तो बाहेरून माहिती आत येते तिथे : चित्रे, ध्वनी, नेटवर्क. २०२३ मध्ये वेबपी चित्रे उलगडणाऱ्या एकाच लायब्ररीतील मेमरी-दोषामुळे क्रोमसह कितीतरी प्रोग्राम धोक्यात आले होते.

सुरक्षिततेने वेग मरतो, ही तक्रार अर्धीच खरी. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्रासाठी जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात. त्यातला बराच वेळ मेमरीत विखुरलेली माहिती गोळा करण्यात जातो. एकत्र लागणारी माहिती बेव्हीसारखी शेजारी-शेजारी ठेवली, तर हा वेळ वाचतो. जादा तपासण्यांचा भार त्यापुढे बहुधा किरकोळ असतो. तरीही अंदाजावर न जाता मोजून पाहावे.

मुक्तस्रोताचा लाभ आपण घेतलाच आहे. गोदोच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे सुटी पडत आणि ‘धाराशिव’मधली वेलांटी चुकीच्या जागी जाई. मार्च २०२३ मधल्या चौथ्या आवृत्तीत हे सुधारले. तुळजापूर-सोलापूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी आता आपल्याच साध्या फोनवर ही इंजिने चालवून पाहावीत. गेम कुठे कोसळला, कोणत्या फोनवर आणि नेमके काय केल्यावर, हे इंजिन घडवणाऱ्यांना लिहून कळवावे.