घरसंसार : घर दाखवायचे आहे



घर बांधण्याविषयी आपण हौसेने बोलतो, विकण्याविषयी बोलायला मात्र जीव कचरतो. पण वेळ येते. मुलाला पुण्याकडे नोकरी लागते आणि हिंगणघाट-पुलगावच्या गिरणीच्या पगारावर बांधलेल्या घरात म्हातारा-म्हातारी दोघेच उरतात. कधी मुलीच्या शिक्षणासाठी, कधी दवाखान्यासाठी एकरकमी पैसा उभा करावा लागतो. मग गिऱ्हाईक येते, दारातूनच दोन खोल्यांत डोकावते आणि 'कळवतो' म्हणून निघून जाते.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून विकाऊ घर मांडून दाखवण्याचा धंदाच उभा राहिला आहे. तिथे सोफे, गालिचे भाड्याने आणतात. आपल्याला ते परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. घरात आहे तेच सामान नीट लावले तरी पुष्कळ फरक पडतो. एक रविवार आणि सामान उचलायला दोन माणसे, एवढाच खर्च.

सर्वात आधी कूलरकडे पाहा. आपल्या वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही हे खरे, पण उन्हाळा संपला तरी तो वर्षभर खिडकीतच अडकवलेला असतो. खोलीतली एकुलती एक खिडकी त्याने बंद केलेली, खाली पाण्याचा ओघळ, भिंतीला पोपडे. हिवाळ्यात घर दाखवायचे तर कूलर काढून मागे सांधवाडीत ठेवा, खिडकी घासून पुसून घ्या. तीच खोली दीडपट वाटू लागते. मे महिन्यात दाखवायचे असेल तर कूलर राहू द्या. घामाघूम झालेला माणूस खोली पाहत नाही, दार पाहतो.

दुसरे लोखंडी कपाट. ते बहुधा दारासमोरच उभे असते, कारण लग्नात आले तेव्हा तिथेच उतरवले होते! आत येणाऱ्याची नजर त्याच्यावर आदळते. ते दाराच्या बाजूच्या भिंतीला, कोपऱ्यात सरकवा. दिवाण खिडकीखाली घ्या. मधली जमीन मोकळी राहिली पाहिजे, कारण गिऱ्हाईक मनातल्या मनात तिथे आपला पलंग मांडून पाहत असते. पेट्या, गाद्या-रजयांचा ढीग, मोडकी खुर्ची, बंद पडलेला टीव्ही हे सारे चार दिवस बहिणीकडे किंवा शेजारणीकडे हलवा. जिची थोडीफार शेती आहे तिने कापूस घरात असताना घर दाखवूच नये. भाव वाढेल म्हणून एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असली, तर ती खोली गिऱ्हाइकाच्या हिशेबात धरलीच जात नाही.

रिकाम्या खोलीचे कौतुक पाहायला आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला गाड्या भरून लोक येतात. आपल्या आजीची खोलीही तेवढीच रिकामी होती, ती पाहायला कोणी आले नाही. असो.

स्वयंपाकघरात ओट्यावर गॅस आणि पाण्याचा माठ एवढेच ठेवा. मांडणीवरची घासलेली भांडी मात्र हलवू नका. त्यांच्या चकाकीने घरातला कामाचा हात दिसतो. न्हाणी कोरडी ठेवा. प्रत्येक खोलीत चांगला दिवा लावा.

आता अवघड गोष्ट. घर दाखवण्याचे सल्ले देणारे सगळे एक सांगतात : घरातले फोटो आणि धर्माच्या खुणा उतरवून ठेवा, म्हणजे येणाऱ्याला घर आपलेसे वाटते. आपल्या घरात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. शिकलेली मुलेच म्हणतात, "आई, बाबासाहेबांचा फोटो चार दिवस कपाटात ठेव. दुसऱ्या समाजाचे गिऱ्हाईक आले तर भाव जास्त येईल."

मुलांचा हेतू वाईट नसतो. वस्तीचे नाव ऐकूनच सौदा मोडतो, हे त्यांनी पाहिलेले असते. पण हिशेब तरी करा. गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार आहे, चौकात पंचशील ध्वज आहे, कागदावर तुमचे आडनाव आहे. ज्याला अडचण आहे त्याला ती फोटो पाहण्याआधीच कळते, नाहीतर इसार देण्याच्या दिवशी कळते. दुसऱ्यापेक्षा पहिले बरे. आणि भावासाठी उतरवलेला फोटो पुन्हा लावताना घरातल्या लहान पोराला काय सांगणार? १९५६ साली नागपूरला गेलेल्या माणसांनी ज्या घरात तो लावला, तिथे तो राहावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र तो नीट राहावा. वाळलेला हार काढा, काच पुसा, जाळी झाडा. त्याच्या भोवती टांगलेली सहा कॅलेंडरे, लग्नाचे अल्बमफोटो, नातवाची प्रशस्तिपत्रे, ते सारे खुशाल उतरवा. पुस्तकांची फळी दर्शनी खोलीतच असू द्या. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. सरकारने काढलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड तुमच्या फळीवर असतील, तर त्याहून चांगले सामान कोणते?

सामान हलवण्याचा एक गैरफायदाही घेतला जातो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला तडे जातात. त्या तड्यावर नेमके कपाट उभे करायचे, ओल आलेल्या जागी कॅलेंडर लावायचे, हे करू नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक ठरते. आपल्याकडे तर चौथे शील आहेच. तडा दाखवा, मिस्त्रीला विचारून दुरुस्तीचा खर्च सांगा, आणि तेवढ्यापुरतीच घासाघीस होऊ द्या.

घर रमाई आवास किंवा दुसऱ्या सरकारी योजनेतले असेल, जागा नझुलची किंवा भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर घर मांडण्याआधी कचेरीत जाऊन विक्रीच्या अटी आणि परवानगीचे विचारून घ्या. नाहीतर कपाट फुकट हलवले असे होईल.

शेवटी इसारपावतीत घरासोबत काय जाणार ते लिहून घ्या : पंखे, बोअरची मोटर, पाण्याची टाकी, कूलरचा स्टँड. मांडून दाखवलेले सगळेच आपल्याला मिळणार, असे गिऱ्हाईक धरून चालते आणि ताबा देण्याच्या दिवशी दिवाणावरून भांडण होते.