माहिष्मतीचे दोन ताम्रपट

तुकोगंजातील आपल्या घरांत माळव्याचा इतिहास मल्हाररावांपासून सुरू होतो. त्याआधीचे जे 'आपले', ते महाकाल व ओंकारेश्वर. सांची मात्र दुसऱ्यांची आणि बाघची लेणी कुणाचीच नव्हेत! ही वाटणी आपण कोणत्या आधारावर केली?

पुरावा तर उलट आहे. माहिष्मतीच्या सुबंधू राजाचे दोन ताम्रपट उपलब्ध आहेत. बडवानीच्या ताम्रपटाने तो ब्राह्मणास भूमी देतो. बाघच्या लेण्यांत सापडलेल्या ताम्रपटाने बुद्धपूजेसाठी व भिक्षूंसाठी गाव देतो. ही माहिष्मती म्हणजे, अनेक विद्वानांच्या मते, अहल्याबाईंचे महेश्वरच होय.

दक्षिणेशी माळव्याचे नातेही अठराव्या शतकातले नव्हे. पाली 'सुत्तनिपाता'त बावरीचे शिष्य बुद्धदर्शनास निघतात ते पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा याच वाटेने. सांचीच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. आपले पूर्वज नर्मदा ओलांडून आले, ते या जुन्या वाटेनेच.

कोणी म्हणेल, धर्म निराळे होते, वादही होते. होते ना! पण वाद शेजाऱ्यांतच होतात. धमनारला बौद्ध लेण्यांलगतच अखंड खडकात कोरलेले धर्मराजेश्वराचे मंदिर उभे आहे.

एकाच राजाने दोन्ही हातांनी दिलेले दान आपण एकाच हाताने घेतो आणि वर त्यालाच परंपरेचा अभिमान म्हणतो. हा अभिमान नव्हे. हे आपणच ओढवून घेतलेले दारिद्र्य आहे. पुढची सहल महेश्वरला निघेल, तेव्हा ती बाघपर्यंत न्यावी.