तिकीट मिळालं म्हणजे बोलावणं नव्हे

मार्च 2020मध्ये, कोविडची साथ कॅनडात पसरत असताना, क्वेबेकमधलं एक जोडपं अर्धा देश ओलांडून युकॉनमध्ये पोचलं आणि व्हाइटहॉर्सहून विमानाने ओल्ड क्रो नावाच्या गावात उतरलं. इतक्या लांबच्या गावात आपण सुरक्षित राहू, असा त्यांचा हिशोब होता. गावात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. गावाने त्यांना वेगळं ठेवलं आणि परत पाठवलं. बातमी गाजली, सगळ्यांनी त्या दोघांना मूर्ख ठरवलं. मला ते अपवाद वाटत नाहीत. नकाशावर लांबचा ठिपका शोधायचा, तिकीट मिळतंय का बघायचं आणि निघायचं, हीच आपल्या सगळ्यांची पद्धत आहे. त्यांची वेळ तेवढी चुकली.

मी कॅल्गरीत सॉफ्टवेअर लिहितो. इथल्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर सध्या 'ओल्ड क्रो करूया' असं चाललंय. 'करूया' हे क्रियापद बघा. आपण काश्मीर करतो, युरोप करतो, आता आर्क्टिक करणार. भामरागडला जाऊन 'आदिवासी बघून आलो' म्हणणारेही आपल्यातलेच. ज्या गावात अडीचशेच्या आसपास माणसं राहतात, ते गाव 'करायचं' म्हणजे नेमकं काय करायचं?

ओल्ड क्रो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, पॉर्क्युपाइन नदीच्या काठी आहे. कायमचा रस्ता नसलेलं हे युकॉनमधलं एकमेव गाव. (काही वर्षी हिवाळ्यात बर्फावरून तात्पुरता रस्ता काढतात, पण तो अवजड सामानासाठी.) पीठ, औषधं, वायरी, सगळं विमानाने येतं. त्याच विमानाने माणसं दवाखान्यासाठी व्हाइटहॉर्सला जातात. अशा विमानातल्या चार सीट आणि चार बॅगांचं वजन आपण उचलतो तेव्हा ते कुणाच्या तरी वाट्यातून जाऊ शकतं. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या सर्व्हरवर भार टाकण्याआधी त्याला किती झेपतं हे विचारतात. गावाला विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणि विचारायला तिथे कुणीतरी आहे. वुंटुट ग्विचिन लोकांनी 1993मध्ये कॅनडा आणि युकॉनच्या सरकारांशी जमिनीचा आणि स्वशासनाचा करार केला. 1995पासून तो लागू आहे. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, विमान कंपनीत त्यांची जवळपास निम्मी भागीदारी आहे. मे 2019मध्ये त्यांनी हवामान आणीबाणी जाहीर केली, कारण पायाखालची गोठलेली जमीन वितळते आहे. हे लोक कुणाची वाट बघत बसलेले नाहीत. 'आपण गेलो तर त्यांना चार पैसे मिळतील' हा ग्रुपवरचा लाडका युक्तिवाद म्हणूनच मला उर्मट वाटतो. त्यांना पर्यटन हवं असेल तर किती, केव्हा आणि कशा प्रकारचं, हे ते ठरवतील. पाहुण्याने स्वतःच यजमानाचा फायदा ठरवून टाकायचा, हा कुठला पाहुणचार?

'आदराने प्रवास कसा करावा' अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. फोटोआधी विचारा, ड्रोन उडवू नका, स्थानिक वस्तू विकत घ्या. चूक काहीच नाही, पण प्रत्येक यादी आपण जाणारच हे गृहीत धरते. खरा प्रश्न त्याआधीचा आहे. 'सध्या नको' असं उत्तर आलं तर ते ठेवायला तुमच्या एक्सेल शीटमध्ये रकाना आहे का?

तो नसण्याने काय होतं, तर शरद ऋतूचं उदाहरण घ्या. पॉर्क्युपाइन कळपात 2017च्या मोजणीत 2,18,000 कॅरिबू होते. हिवाळ्याकडे परतताना त्यातले कित्येक ही नदी ओलांडतात, आणि गावाची वर्षभराची मांसाची बेगमी तेव्हा होते. पुढे चालणाऱ्या जनावरांना आधी जाऊ द्यायचं, म्हणजे मागचा कळप त्याच वाटेने येतो, अशी ग्विचिनांची जुनी शिस्त आहे. शिकारीही जिथे थांबून राहतो तिथे आपण 'भारी फ्रेम' मिळावी म्हणून काठावर उभे राहणार. बरं, ज्यांना सप्टेंबर जमत नाही ते म्हणतात, जुलैत जाऊ आणि नॉर्दर्न लाइट्स बघू. जुलैच्या पूर्वार्धात तिथे सूर्य मावळतच नाही, काळोखच नसतो. ग्रुपमधल्या एकाने सोबत वाइन न्यायची यादी केली आहे. गावात दारूबंदी आहे, बाटली बाळगणंही बेकायदा. शेजारच्या वुंटुट राष्ट्रीय उद्यानात ना रस्ता, ना आखलेली पायवाट. अडकलात तर शोधायला गावातलेच लोक बाहेर पडतील, स्वतःचं पेट्रोल जाळून.

जायच्या आधी काही वाचायचंच असेल तर व्लॉग सोडा, ईडिथ जोसी वाचा. ओल्ड क्रोमधल्या या बाईंनी 1960च्या दशकापासून 'व्हाइटहॉर्स स्टार'मध्ये गावच्या बातम्या लिहिल्या. कोण विमानाने आलं, कोण शिकारीला गेलं, कोण आजारी आहे. इंग्रजी त्यांचं स्वतःचं, व्याकरणाची पर्वा न करणारं. ते छापलं गेलं आणि दूरवर वाचलंही गेलं. त्यांच्या मजकुरात ओल्ड क्रो 'दुर्गम' नाही. तिथे ते जगाच्या मधोमध आहे आणि येणारा माणूस ही त्या दिवसाची एक बातमी आहे, कधी बरी, कधी वाईट.

आमच्या ग्रुपची शीट काल परत उघडून पाहिली. विमानभाडं आहे, कॅमेऱ्याच्या लेन्स आहेत, थर्मलचे ब्रँड आहेत, कुणाच्या किती सुट्ट्या उरल्यात तेही आहे. वुंटुट ग्विचिन सरकारच्या कार्यालयाला ईमेल कोण करणार, या ओळीपुढे मी माझं नाव घातलं. त्याखाली एकाने लिहिलंय, 'कशाला? नको म्हणाले तर?'