सिमकार्डाची निष्ठा कोणाशी?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ९७,५०० हून अधिक भ्रमणध्वनी मनोऱ्यांचे लोकार्पण केले. त्यांपैकी सुमारे ९२,६०० मनोरे भारत संचार निगमच्या ४जी सेवेचे होते आणि या साऱ्यावर सुमारे ३७ हजार कोटी रुपये खर्च झाले. रकमेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, मनोऱ्यावरील रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची, मध्यवर्ती प्रणाली सी-डॉटची आणि त्यांची सांगड घालण्याचे काम टाटा कन्सल्टन्सीचे, म्हणजे सर्व काही या देशात घडलेले. दूरसंचाराची अशी संपूर्ण यंत्रणा स्वतः उभारणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. गलवानच्या संघर्षानंतर, २०२० साली निगमची आधीची ४जी निविदा रद्द झाली, तेव्हा 'आता निगम संपला' असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान कमी नव्हते. त्या निर्णयाची किंमत निगमने मोजली हे खरे. स्पर्धक पुढे निघून गेले, ग्राहक कंटाळून सोडून गेले. पण चिनी यंत्रांवर उभे राहण्यापेक्षा थांबणे बरे, हा निर्णय योग्यच होता.

असे असूनही खेड्यापाड्यांत आज एक विचित्र तक्रार ऐकू येते. गावाच्या टेकाडावर नवा मनोरा उभा आहे, फोनही ४जीचा आहे, आणि तरी पडद्यावर जुनेच '२जी' किंवा '३जी' उमटते. काही ठिकाणी तर तेही नाही, केवळ 'आपत्कालीन कॉल' एवढेच शब्द दिसतात. दोष अर्थातच निगमला दिला जातो. क्वचित फोन विकणाऱ्या दुकानदाराला. फोनच्या पोटात दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेल्या, नखाएवढ्या सोनेरी तुकड्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

फोन सर्वांत जवळचा किंवा सर्वांत सशक्त मनोरा पकडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. फोन सुरू झाला की तो आधी सिमकार्डाला विचारतो. सिमकार्डात ग्राहकाचा पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो. त्यातील पहिले तीन अंक देशाचे, भारतासाठी ४०४ वा ४०५, आणि त्यापुढचे अंक कंपनीचे. शेवटी कोणत्या जाळ्याशी जोडणी होती, आपले घरचे जाळे कोणते, ते नसेल तर कोणत्या क्रमाने कोणाचे दार ठोठवायचे, याची यादी कंपनीने त्यात आधीच लिहून ठेवलेली असते. त्याबरोबरच कोणत्या दारात पुन्हा जायचे नाही, याचीही एक छोटी यादी असते. एखाद्या जाळ्याने 'तुला येथे प्रवेश नाही' असे सांगितले की त्याचे नाव या यादीत नोंदले जाते आणि मानी पाहुण्याप्रमाणे फोन त्या दाराकडे आपणहून पुन्हा वळत नाही. मग शेजारच्या कंपनीचा मनोरा हाकेच्या अंतरावर असो, फोन आपल्या घरच्या क्षीण संदेशाला चिकटून राहतो. एकाच कंपनीच्या दोन मनोऱ्यांत सशक्त कोणता, हे फोन ठरवतो. कंपनी कोणती, हे मात्र सिमकार्डच सांगते.

आता प्रश्न सिमकार्डाच्या पिढीचा. जगातील पहिले सिमकार्ड १९९१ साली म्युनिकच्या गीजेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडच्या एका सेवादात्यासाठी घडवले. भारतात पहिला भ्रमणध्वनी संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला, तोही याच पिढीच्या कार्डावर. त्या कार्डाच्या याद्यांत केवळ जाळ्यांची नावे लिहिण्याची सोय होती. तेथे २जी, ३जी की ४जी पकडायचे, हे लिहायला जागाच नव्हती. पुढच्या पिढीच्या कार्डात, ज्याला तंत्रज्ञ 'यूसिम' म्हणतात, प्रत्येक जाळ्यापुढे तंत्राची नोंद करता येऊ लागली. ३जीने जुन्या कार्डाला घरात घेतले. ४जीच्या जागतिक मानकांनी मात्र त्याला दार बंद केले. म्हणून जुने कार्ड घातलेला नवाकोरा फोन ४जी मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा राहिला तरी जोडला जात नाही. २जी असेल तर त्यावर उतरतो, नसेल तर मुका होतो.

दार बंद करण्यामागे कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. जुन्या कार्डाची पडताळणी एकतर्फी होती. जाळे ग्राहकाची परीक्षा घेई. ग्राहकाच्या कार्डाला मात्र समोरचा मनोरा खरा की बनावट, हे विचारण्याचा अधिकारच नव्हता. पेटीएवढे यंत्र लावून खोटा मनोरा उभा करायचा आणि आसपासचे फोन त्यावर ओढून घ्यायचे, हा प्रकार याच दुबळेपणातून निघाला. यूसिममध्ये पडताळणी दोन्ही बाजूंनी होते. २०१५ च्या फेब्रुवारीत एडवर्ड स्नोडेन यांच्या कागदपत्रांच्या आधारे एक स्फोटक वृत्त प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या गुप्तहेर संस्थांनी जेमाल्टो या जगातील सर्वांत मोठ्या सिमकार्ड उत्पादकाच्या यंत्रणेत शिरून कार्डांच्या गुप्त किल्ल्याच पळवण्याचा घाट घातला होता, असे ते वृत्त होते. २०१० आणि २०११ साली घुसखोरी झाली असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली, आणि किल्ल्या गेल्या असल्या तरी केवळ २जी जाळ्यांवरच पाळत ठेवता येईल, असा खुलासा केला. ज्या देशात कोट्यवधी लोक तेव्हा २जीवरच बोलत होते, त्या देशाने या खुलाशाने निश्चिंत व्हायचे की अस्वस्थ व्हायचे? आपल्याकडे तेव्हा त्यावर चर्चा झाली ती नावापुरती.

भारतात या विषयाकडे नेहमी ग्राहकाच्या सोयीचा विषय म्हणून पाहिले गेले, सार्वभौमत्वाचा म्हणून नाही. २००३ नंतरचे सीडीएमए फोन वाचकांना आठवत असतील. त्यांतल्या बहुतेकांत सिमकार्डच नव्हते. क्रमांक थेट फोनमध्ये कोरलेला असे. कंपनी बदलायची तर फोनही फेकायचा. ग्राहक अक्षरशः ओलीस होता. २जी परवान्यांच्या घोटाळ्यानंतर २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हा काही कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या आणि त्यांच्या ग्राहकांच्या हातात प्लास्टिकचे निरुपयोगी तुकडे उरले. त्याआधी, २० जानेवारी २०११ पासून क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली हे चांगलेच झाले. तेव्हापासून क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखणे संपले. क्रमांक ग्राहकाबरोबर राहतो, सिमकार्ड मात्र दर वेळी नवे येते, कारण निष्ठा क्रमांकात नसते, कार्डात असते.

जाळे निवडणे हा तंत्राइतकाच परवानगीचा प्रश्न आहे, याचे उत्तम उदाहरण अमरनाथला किंवा वैष्णोदेवीला गेलेल्या यात्रेकरूंनी अनुभवले आहे. जम्मू-काश्मीरच्या सीमेत शिरताच इतर राज्यांतील प्रीपेड कार्डे मुकी होतात, पोस्टपेड चालू राहतात. दोन्ही कार्डांतील धातू, चिप, यादी सारखीच. फरक एवढाच की, एकामागे पडताळलेला आणि दरमहा देयक भरणारा ग्राहक आहे असे शासन मानते. वर्षानुवर्षे चालत आलेल्या या नियमाने यात्रेकरूंची अडचण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दहशतवादाने पोळलेल्या प्रदेशात शासनाने सिमकार्डाकडे सुरक्षेच्या दृष्टीने पाहिले, याबद्दल तक्रार करण्याचेही कारण नाही. तक्रार करायची तर ती अशी की, ही दृष्टी उर्वरित देशात फार उशिरा पोहोचली. दूरसंचार यंत्रे विश्वासार्ह स्रोतांकडूनच घेण्याचे बंधन १५ जून २०२१ पासून लागू झाले. तरीही २०२५ साली काही सिमकार्डांत चिनी बनावटीच्या चिप आढळल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. मनोरा स्वदेशी आणि त्याच्याशी बोलणारी चिप परकी, ही विसंगती फार काळ चालू देण्यासारखी नाही. आता तर ई-सिम आले आहे. त्यात कार्डच उरत नाही, फोनमध्ये कायम बसवलेल्या चिपवर कंपनीची ओळख दुरून उतरवली जाते. ती उतरवणारा खरा आहे, हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रांची व्यवस्था लंडनस्थित जीएसएमए संघटनेच्या चौकटीत चालते. याचा विचार दिल्लीत आतापासूनच व्हायला हवा.

परवानगीच्या प्रश्नाला दुसरी, अधिक आशादायक बाजूही आहे. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर येऊन धडकले, तेव्हा दूरसंचार विभागाने बाधित जिल्ह्यांत कोणत्याही कंपनीच्या कार्डाला कोणत्याही कंपनीचे जाळे खुले केले. एका आदेशासरशी मनाई उठली. १७ जानेवारी २०२५ रोजी याच तत्त्वावर शासकीय निधीतून उभ्या राहिलेल्या २७ हजारांहून अधिक मनोऱ्यांवर निगम, एअरटेल आणि जिओ या तिघांच्याही ग्राहकांना ४जी सेवा वापरण्याची मुभा देण्यात आली. जनतेच्या पैशाने बांधलेल्या विहिरीवर जातीपातीप्रमाणे कंपन्यांच्या घागरी वेगळ्या ठेवण्याचा प्रकार निदान तेथे तरी थांबला. खासगी मनोऱ्यांबाबत हेच करायला कंपन्या राजी होणार नाहीत, त्यांची गुंतवणूक आहे आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नाही. परंतु डोंगराळ भागात, जेथे साऱ्या पंचक्रोशीत एकच मनोरा आहे, तेथे साप चावलेल्या माणसाच्या नातेवाइकांना 'तुमचे कार्ड या कंपनीचे नाही' हे ऐकावे लागू नये, एवढी अपेक्षा तरी शासनाने त्यांच्याकडून मान्य करून घ्यावी.

आणि या मुभेचाही लाभ जुन्या कार्डाला नाही, कारण ती मुभा ४जीची आहे. गाडी पुन्हा तेथेच येऊन थांबते. माओवादग्रस्त भागांतील २,३४३ जुन्या २जी मनोऱ्यांचे ४जीत रूपांतर करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये घेतला. महाराष्ट्रही त्या योजनेत आहे. मनोरे बदलतील; पण त्या मनोऱ्यांखाली राहणाऱ्यांच्या फोनमधील कार्डे आपोआप बदलणार नाहीत. निगमने जुनी कार्डे विनामूल्य बदलून देण्याचे आवाहन केले, ते स्वागतार्ह आहे. मात्र हे आवाहन बहुधा संदेशाद्वारे आणि समाजमाध्यमांवरून पोहोचते. म्हणजे ज्यांचे नेटवर्क आधीच चांगले आहे, त्यांच्यापर्यंत. आठवडी बाजारात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, आश्रमशाळेच्या पालकसभेत निगमचा माणूस कार्डांची पेटी घेऊन बसला पाहिजे. खासगी कंपन्यांनी एकेकाळी चौकाचौकांत छत्र्या लावून कार्डे विकली, तेवढी चिकाटी सरकारी कंपनीला दाखवता येणार नाही असे नाही. तालुक्याच्या गावी जाऊन कार्ड बदलून आणणे म्हणजे त्या आदिवासी शेतमजुराची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे.

शिवाय तेथे गेल्यावरही काम होईलच असे नाही. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जाची पद्धत बंद झाली आहे. कार्ड घ्यायचे तर ओळख आधारच्या आधारे, बोटाच्या ठशाने तपासली जाते, आणि तो ठसा तपासण्यासाठी दुकानदाराच्या यंत्राला नेटवर्क लागते.